बाळ मोठे झाले, भक्तानेही मोठे व्हावे

फेब्रुवारीचा महिना उजाडला, की नाशिक रोडच्या रेल्वे स्थानकावर एक निराळीच वर्दळ सुरू होते. मुंबईकडून, वसईकडून, गोव्याकडून आलेली कुटुंबे फलाटावर उतरतात. कडेवर लेकरे, हातात फुलांचे हार आणि मेणबत्त्यांची पुडकी असा तो मेळा नाशिक-पुणे रस्त्याच्या दिशेने चालू लागतो. ही बाळ येशूची यात्रा होय. कुंभमेळ्याची सवय असलेल्या या क्षेत्राला यात्रेकरूंचे अप्रूप नाही. तथापि या यात्रेतील एक गोष्ट डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. रांगेत उभ्या असलेल्या अनेक स्त्रियांच्या कपाळी कुंकू असते आणि गळ्यात मंगळसूत्र असते. सकाळी घरच्या देवांची पूजा आटोपून त्या बाळ येशूच्या पायांशी आलेल्या असतात.

त्यात नवल ते काय? देवाला बाळरूपात पाहण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. रामनवमीला पाळणा हलविणारे आणि गोकुळाष्टमीला रांगत्या कृष्णापुढे लोणी ठेवणारे आपले हात दुसऱ्या धर्मातील बाळापुढेही आपसूक जोडले जातात. युरोपातील प्राग नगरात बाळ येशूची एक हातभर उंचीची मूर्ती आहे. १६२८ साली एका सरदार घराण्यातील स्त्रीने ती तेथील कार्मेल पंथाच्या संन्याशांना अर्पण केली. त्या मूर्तीची भक्ती पुढे देशोदेशी पसरली आणि आपल्या गोदाकाठीही रुजली.

या यात्रेच्या निमित्ताने हिंदू गृहस्थाश्रमी वाचकांपुढे एक विचार मांडावयाचा आहे. वरवर पाहता तो ख्रिस्ती बांधवांच्या घरचा आहे. ख्रिस्ती श्रद्धावंताची आध्यात्मिक वाढ कशी होते, ती व्हावी म्हणून त्याला कोणाचे व कसले साहाय्य लागते, हा तो विचार. "आम्हांला त्याचे काय?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच. सध्या एवढेच म्हणतो, की शेजारच्या अंगणातील झाड कसे वाढते हे पाहणाऱ्याला आपल्या तुळशीला पाणी केव्हा घालावे हेही कळू लागते.

नवस आणि त्यापुढे

यात्रेला येणारा बहुसंख्य भाविक काही मागावयास येतो, हे कबूल करावयास हरकत नाही. मूल व्हावे, दुखणे हटावे, मुलाला नोकरी लागावी, कर्ज फिटावे. शहाणी माणसे अशा भक्तीला हसतात. भगवद्गीता मात्र हसत नाही. याच नाशिक रोडवर मुक्तिधाम मंदिराच्या संगमरवरी भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. त्यांतील सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. दुःखाने पोळलेला व काही मागणारा या दोघांनाही भगवंतांनी आपले म्हटले आहे, उदार म्हटले आहे. त्यांतील ज्ञानी भक्त आपल्याला सर्वांहून प्रिय, हेही त्यांनी लपवून ठेवलेले नाही. म्हणजे मागण्याने आरंभ होण्यास प्रत्यवाय नाही. मागण्यातच आयुष्य सरू नये, एवढेच.

ख्रिस्ती धर्मग्रंथांतही हीच गोष्ट दुसऱ्या दृष्टान्ताने आली आहे. संत पौल एका मंडळीला लिहितो, की तुम्ही अजून तान्ही बाळे आहात, म्हणून मी तुम्हांला दूध पाजले. अन्न पचविण्याची शक्ती तुम्हांत आली नव्हती. या बोलण्यात आईची माया आहे आणि थोडी हुरहूरही आहे. तान्ह्याला दूध पाजण्यात कोणतीच आई कमीपणा मानीत नाही. पण दहा वर्षांचा मुलगा दुधावाचून दुसरे काही खाईना, तर तीच आई वैद्याकडे धाव घेईल.

बाळ येशूच्या भक्ताने याच ठिकाणी थबकून विचार करावा. संत लूकच्या शुभवर्तमानात हे बाळ पाळण्यातच राहिलेले नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात पंडितांच्या मध्ये बसून प्रश्न विचारताना आढळतो. आणि तो ज्ञानाने व शरीराने वाढत गेला, असे लूक आवर्जून सांगतो. ख्रिस्ती पंचांगाचा क्रमही तसाच आहे. फेब्रुवारीतील यात्रा आणि राखेचा बुधवार यांमध्ये फारसे अंतर नसते. त्या बुधवारी कपाळी राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, आणि त्याच्या शेवटी शुभ शुक्रवारी तोच येशू क्रुसावर असतो. ज्याने बाळाला फुलांचा हार घातला, त्याने पुढे त्या थोर झालेल्या पुरुषाच्या मागे क्रुसापर्यंत चालावे, अशी त्या धर्माची अपेक्षा आहे. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? गोकुळातील लोणीचोर पुढे कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे लगाम हाती घेतो. पाळणा हलविताना आपले डोळे पाणावतात, पण रणांगणावरील त्याचे शब्द ऐकण्याची वेळ आली, की आपण आरती आटोपून प्रसादाकडे वळतो.

दीक्षेनंतरची वाट

ख्रिस्ती समाजाविषयी आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. डोक्यावर पाणी पडले, नाव बदलले, की माणूस ख्रिस्ती झाला व तेथे सर्व संपले, असे पुष्कळांना वाटते. खुद्द त्या धर्माची समजूत तशी नाही. कॅथलिक घरांत बाळाचा बाप्तिस्मा होतो. मग समजू लागल्यावर प्रथम ख्रिस्तप्रसादाचा विधी होतो. आणि पुढे दृढीकरण नावाचा संस्कार होतो. त्यात तेलाचे विलेपन करतात, आणि आईबापांनी आपल्या वतीने जो शब्द दिला होता तो आता आपण स्वतः देत आहोत, असे ते मूल मंडळीसमोर सांगते. मुंजीत बटूला गायत्री मंत्र मिळतो. तो मिळाल्याने बटू ज्ञानी होत नाही. त्याच्यावर शिकण्याची जबाबदारी येते. दृढीकरणाचे मर्म बरेचसे असेच आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने मनन करण्याजोगे आहे. संस्कृतच्या गाढ व्यासंगाने ज्यांनी कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळविली, त्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात निःसंकोचपणे नमूद केले आहे. एवढी विदुषी, एवढी तेजस्वी स्त्री. तिलाही दीक्षेनंतर आठ वर्षे चालावे लागले. त्या प्रवासातून पुढे काय निपजले? केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो अनाथ व दुष्काळपीडित स्त्रियांना आधार मिळाला. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजावे म्हणून रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. आध्यात्मिक प्रौढत्वाची खूण ही अशी असते. ज्याला स्वतःला मिळाले, तो दुसऱ्याच्या मुखी घास घालू लागतो.

जलालपूरची मनकर्णिका

आता आपल्याच परिसरातील एका घरात डोकावू. नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका. तिच्या वडिलांना सोवळ्याचे अतोनात वेड होते. १८८० साली तिचा विवाह नारायण वामन टिळक या तरुणाशी झाला. नारायणराव मूळचे कोकणातले. पण त्यांचे संस्कृत अध्ययन नाशिकला झाले. हेच पुढे 'वनवासी फूल'चे कवी रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या कविता मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या घरांतील कित्येक पिढ्यांना मुखोद्गत आहेत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर, म्हणजे मनकर्णिकेवर, आकाश कोसळले. जवळजवळ पाच वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या, तरी चूल आणि सोवळे वेगळेच राहिले. टिळकांना घाई करता आली असती. त्या काळी नवऱ्याचा शब्द म्हणजे आज्ञा. परंतु या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. ते तिच्याशी बोलत राहिले, तिचा राग सोसत राहिले, तिच्या वाटेकडे डोळे लावून राहिले. आणि एके दिवशी जातिभेदाचा विचार करता करता लक्ष्मीबाईंना आपल्याच मनाशी उमगले, की देवाने माणूस घडविला, जात काही देवाने घडविली नाही. वडिलांच्या घरात ज्या सोवळ्याखाली त्यांचे बालपण दबून गेले होते, ते त्या क्षणी गळून पडले. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हिंदू वाचकांपैकी कोणास त्यांचे धर्मांतर रुचेल, कोणास रुचणार नाही. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांच्या मनाची वाढ दीक्षेच्या दिवशी सुरू झाली नाही आणि त्या दिवशी थांबलीही नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि मराठी गद्याला अजरामर लेणे दिले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या पश्चात त्यांनी पुढे नेले. आणि 'स्मृतिचित्रे' वाचताना सर्वांत अधिक काय जाणवते? आपल्या सोवळ्याओवळ्याच्या दिवसांना त्या हसतात. पण त्या दिवसांतील माणसांचा त्या द्वेष करीत नाहीत. मागे सोडलेल्या घराकडे कडवटपणा न ठेवता पाहता येणे, यापरते प्रौढत्व कोणते?

मायबोलीतला देव

माणसाची श्रद्धा वाढावयाची, तर तिला काळ लागतो, हे या दोन्ही स्त्रियांच्या चरित्रांवरून दिसते. काळाइतकीच दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मायबोली. या बाबतीत चारशे वर्षांपूर्वीचा एक दाखला आहे. गोव्यातील साष्टी प्रांतात फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने त्याच साष्टीतील देवळे पाडली, हा इतिहास विसरता येत नाही आणि विसरूही नये. सत्तेच्या धाकाने झालेले भक्त संख्येने वाढतात, मनाने वाढत नाहीत. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभी याचीच खूण सापडते. नवख्रिस्ती लोकांपैकी एक जण त्यांना म्हणतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत; मग आता वाचावयास आम्हांला आमच्या भाषेत काही द्याल की नाही? त्या आर्जवाला उत्तर म्हणून दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' जन्मास आले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. पुराण हेच त्याचे नाव, ओवी हाच त्याचा छंद, आणि मराठीचे त्यात केलेले कौतुक तर सर्वश्रुत आहे. परक्या भाषेत पाठ केलेली प्रार्थना जिभेवर राहते. ओवीत गुंफलेली कथा जात्यावर, पाळण्यापाशी, आजारी माणसाच्या उशाशी सोबत करते.

रेव्हरंड टिळकांनी हेच कार्य विसाव्या शतकात केले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी विलायती कुंडीतील रोपासारखी आहे, तिची मुळे या मातीत गेली पाहिजेत, ही त्यांची तळमळ होती. म्हणून त्यांनी अभंग रचले, भजने रचली, कीर्तनाला उभे राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही, त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तेथे मज्जाव नव्हता. १९१९ साली टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत टाळ-मृदंगाच्या साथीने आजही म्हटली जातात.

वाढ ओळखावी कशी?

श्रद्धा वाढली हे ओळखावे कशावरून? उपवासांच्या संख्येवरून ते कळत नाही, मेणबत्तीच्या उंचीवरून तर नाहीच. संकटाच्या क्षणी दुसऱ्यासाठी माणूस काय करतो, यावरून कळते. नाशिकच्या शरणपुराचेच पाहा. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या या ख्रिस्ती वसाहतीत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले आणून ठेवली जात. त्यांना अक्षरओळख करून देत, सुतारकी, लोहारकी शिकवीत. त्यांतील जेकब वेनराइट हा तरुण पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तुकडीत सामील झाला. १८७३ साली लिव्हिंगस्टन अरण्यात मरण पावला, तेव्हा त्याच्या हृदयाचे दफन करताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने. मग सहकाऱ्यांनी तो देह हजाराहून अधिक मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. त्यांना तसे करण्याची सक्ती करणारा तेथे कोणी नव्हता. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, त्या वेळीही वेनराइट उपस्थित होता. ज्याचे बालपण विकले गेले, त्याच्या ठायी एवढी निष्ठा कोठून आली? शरणपुरात त्याला कोणी तरी माणूस म्हणून वागविले होते, आणि त्याच्या हाती काम दिले होते.

काळ, मायबोली, हाताला काम, आणि लक्ष्मीबाईंना लाभली तशी न कंटाळणारी सोबत. श्रद्धावंताच्या वाढीला लागणारे साहाय्य ते एवढेच. यात्रा संपते, मांडव उतरतो, मेणबत्त्यांचे मेण खरवडून काढले जाते. धर्मगुरूंचे व मंडळीतील वडीलधाऱ्यांचे खरे काम त्यानंतरच्या सोमवारी सुरू होते. नवस फेडून गेलेल्या माणसाच्या घरी कोणी जाते का? नवस फळला नाही म्हणून खचलेल्या आईजवळ कोणी बसते का? हे प्रश्न ख्रिस्ती बांधवांनी आपल्या मंडळीस विचारावेत. जातीचा प्रश्नही विचारावा. कारण बाप्तिस्म्याच्या पाण्याने जो भेद धुऊन जावयास हवा होता, तो लग्नाच्या बोलण्यांत अजून डोके वर काढतो.

मात्र हा प्रश्न त्यांना विचारताना आपणही जरा खाली पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातीची भिंत पडली, त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, १९३० सालच्या मार्चमध्ये, याच नाशिकात काळारामाच्या दारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे उभी होती आणि ते दार त्यांच्यासाठी उघडले नाही. दारात रामाचे भक्त उभे असताना दार लावून घेणारेही स्वतःला रामाचे भक्त म्हणवीत होते. भक्ती जुनी असली म्हणजे ती प्रौढ असतेच असे नाही.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे येते. शेजारच्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा वाढण्यात आपलाही लाभ आहे, आणि आपलाही वाटा आहे. हिंदूने अधिक चांगला हिंदू व्हावे, मुसलमानाने अधिक चांगला मुसलमान आणि ख्रिस्ती माणसाने अधिक चांगला ख्रिस्ती व्हावे, अशी महात्माजींची धारणा होती. ती धारणा शेजारधर्मात उतरविणे अवघड नाही. त्याच्या नवसाला हसू नये. त्याच्या मराठीपणाविषयी शंका घेऊ नये. ज्या समाजाने 'ख्रिस्तपुराण' आणि 'स्मृतिचित्रे' दिली, त्याला मराठीपणाचा दाखला मागणारे आपण कोण? नाताळचा करंज्यांचा डबा घरी येतो, तसा उपवासकाळात त्याच्या घरी एकदा जाऊन बसावे, आणि "यंदा काय सोडलेत?" असे आस्थेने विचारावे. आपल्या चातुर्मासाच्या नेमांची गोष्ट मग आपोआप निघते.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत. दर वर्षी त्या यात्रेस जात, आणि परतल्यावर आई त्यांना ओसरीवर बसवून विचारी, "काय मागितलंत यंदा बाळाजवळ?" कधी लेकीची सोयरीक असे, कधी यजमानांचा दमा. एका वर्षी, यजमान जाऊन बरेच दिवस झाले होते, आईने सवयीने तेच विचारले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आता मागायचं काही उरलं नाही, वहिनी. नुसती भेटून आले." आई काही बोलली नाही. आत जाऊन तिने देवापुढची साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली, आणि बराच वेळ ती स्वतःच्या देवघराकडे पाहत राहिली.

यंदाच्या यात्रेला जाणाऱ्या प्रत्येकाचे मागणे पुरे होवो. आणि मागणे पुरे झाल्यावर, किंवा न झाल्यावरही, पुन्हा नुसते भेटावयास यावे अशी बुद्धी त्याला, आणि आपल्यालाही, होवो.